'महल' पुन्हा कसा पाहावा

लहानपणी पाहिलेला भुताटकीचा चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहायला घेतला की बहुतेकांच्या पदरी निराशा पडते आणि तिचे खापर चित्रपटावर फोडले जाते. वास्तविक दोष पाहण्याच्या हेतूत असतो. आता भीती वाटते की नाही, एवढेच तपासण्यासाठी आपण बसलो, तर पहिल्या अर्ध्या तासातच उत्तर मिळते आणि उरलेला चित्रपट नुसता लांबत जातो. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला आणि बॉम्बे टॉकीजने १९४९ साली प्रदर्शित केलेला 'महल' हा अशा पुनर्भेटीसाठी मला सर्वांत योग्य चित्रपट वाटतो, कारण रहस्य ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाच तो पुरता उलगडतो. मुलांना त्यात भूत दिसते. मोठ्यांनी त्यात भुताचे सोंग घेतलेली एक जिवंत मुलगी आणि तिच्यापायी स्वतःचा संसार मोडणारा एक जिवंत पुरुष पाहायचा असतो. तो कसा पाहावा, याविषयी हे लेखन आहे. त्यात रहस्य उघड केलेले असल्यामुळे ज्यांनी 'महल' मुळीच पाहिलेला नाही, त्यांनी तो आधी एकदा पाहावा आणि मगच पुढे वाचावे.

आधी आठवणी लिहून काढाव्यात

महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने हा चित्रपट लहानपणी पाहिला, तिच्यापैकी अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे रविवार संध्याकाळचा हिंदी चित्रपट ही आळीतल्या सगळ्यांची सामायिक गोष्ट होती. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्याकडे शेजारपाजारची मुले जमिनीवर दाटीवाटीने बसत, मध्येच बातम्यांसाठी चित्रपट थांबत असे, आणि उत्तरार्ध संपेपर्यंत लहान मुले बहुधा पेंगुळलेली असत. ही परिस्थिती लक्षात घेतली की आपल्या आठवणीत नेमके काय उरले आणि काय गळून पडले, याचा उलगडा होऊ लागतो.

म्हणून चित्रपट लावण्यापूर्वी, शक्य तर आदल्या दिवशी, जे आठवते ते एका कागदावर लिहून काढावे. कथासार आठवण्याचा प्रयत्न करू नये आणि आंतरजालावर ते शोधूही नये. कोणती खोली डोळ्यांसमोर येते, कोणता आवाज कानात आहे, घरातली माणसे त्या वेळी काय बोलत होती, कोणी डोळ्यांवर हात ठेवला होता, कोणत्या प्रसंगानंतर अंधारात मोरीपर्यंत जायची भीती वाटू लागली, अशा बारीकसारीक गोष्टी लिहाव्यात. ज्यांच्याशी मी या चित्रपटाविषयी बोललो, त्यांच्यापैकी बहुतेकांना झोपाळा, घड्याळाचे ठोके आणि 'आएगा आनेवाला' हे गाणे आठवते. नायकाचे लग्न होते, हे मात्र क्वचितच कोणाला आठवते. ज्या स्त्रीशी लग्न होते ती तर जवळजवळ सगळ्यांच्याच स्मरणातून पुसली गेलेली असते. आपल्या कागदावर तिचा उल्लेख आहे की नाही, हे नंतर पाहण्यासारखे आहे, म्हणून कागद जपून ठेवावा.

घरात त्या काळातली वडीलधारी माणसे असतील, तर त्यांनाही विचारावे. ज्यांनी हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला, त्यांची आठवण आपल्याहून वेगळी निघते: पडदा मोठा असल्यामुळे त्यांना घर आठवते, तर छोट्या संचावर पाहिलेल्या आपल्याला चेहरे आठवतात.

प्रत पारखून घ्यावी

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने 'महल'चा हक्क २००९ च्या अखेरीस संपला, आणि त्यामुळे यूट्यूबवर व इतरत्र त्याच्या अनेक प्रती सापडतात. सुलभतेबरोबर एक अडचणही आली आहे: कोणीही कशीही प्रत चढवू शकतो. प्रत निवडताना प्रथम तिची लांबी पाहावी. हा चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. दोन तासांच्या आत संपणारी प्रत कापलेली आहे असे समजावे आणि ती बाजूला ठेवावी, कारण कापणाऱ्याची कात्री सहसा संथ प्रसंगांवर चालते आणि या चित्रपटाची सारी करामत त्या संथपणातच आहे.

दुसरी गोष्ट चौकटीची. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असे, आजच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा मात्र आडवा लांबट असतो. काही प्रतींमध्ये पडदा भरून काढण्यासाठी चित्र ताणलेले असते. मधुबालाचा चेहरा रुंद दिसू लागला की ते लगेच लक्षात येते. काहींमध्ये वरचा आणि खालचा भाग छाटलेला असतो, आणि हे अधिक वाईट, कारण या चित्रपटात छत, झुंबर आणि जमिनीवरच्या सावल्या यांना पात्रांइतकेच काम दिलेले आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणारी प्रत हीच खरी प्रत होय. संचाच्या सेटिंगमध्येही थोडे लक्ष घालावे लागते. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय आजच्या संचांत असते ती बंद करावी, रंगाचे प्रमाण शून्यावर आणावे म्हणजे जुन्या प्रतींवर आलेली निळसर किंवा पिवळट झाक नाहीशी होते, आणि प्रकाशमान वाढवून अंधार उजळण्याचा मोह टाळावा. पडद्याचा अर्धा भाग काळा दिसत असेल तर तो तसाच दिसला पाहिजे.

ध्वनी एकाच वाहिनीवर मुद्रित केलेला असल्यामुळे चार बाजूंना ध्वनिक्षेपक लावून काही साधत नाही. समोर ठेवलेला एक चांगला ध्वनिक्षेपक पुरतो. एकट्याने पाहणार असाल तर कानांवर बसणारा हेडफोन अधिक चांगला, कारण गाण्यातले दूर आणि जवळ त्यावर स्पष्ट कळते.

वेळेविषयी फार सांगण्यासारखे नाही. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, दिवे घालवून, एका बैठकीत पाहावा. दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. गाणी पुढे ढकलू नयेत.

पहिल्या खेपेला घर पाहावे

कथा थोडक्यात अशी. अलाहाबादला यमुनेकाठी 'संगम भवन' नावाची ओसाड वास्तू आहे. तिचा नवा मालक शंकर, म्हणजे अशोक कुमार, तेथे राहायला येतो, तेव्हा म्हातारा माळी त्याला वास्तूची हकिगत सांगतो: ज्याने हे घर आपल्या प्रेयसीसाठी, कामिनीसाठी, बांधले तो रोज मध्यरात्री येई आणि उजाडण्यापूर्वी परत जाई, एका वादळी रात्री त्याची नाव बुडाली, आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही फार दिवस जगली नाही. त्यानंतर शंकरच्या समोर भिंतीवरची एक तसबीर खाली पडते आणि तिच्यातला माणूस हुबेहूब त्याच्यासारखाच निघतो. मग गाणे ऐकू येते, आणि मग ती दिसते.

एवढ्या कथेत भूत दाखवण्याची घाई कोठेही नाही. पहिल्या खेपेला कथानकाकडे दुर्लक्ष करून घराकडे पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. छायालेखक जोसेफ वीर्शिंग हे मूळचे जर्मन. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासोबत ते म्युनिकहून भारतात आले, १९२५ च्या 'प्रेम संन्यास' या मूकपटाचे छायालेखन त्यांनी केले, आणि पुढे हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभारल्यावर ते तिचे प्रमुख छायालेखक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून त्यांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले होते. युद्ध संपल्यावर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि त्यांच्या हातून 'महल' उतरला. जर्मन मूकपटांनी सावलीला जे महत्त्व दिले होते, ते मालाडच्या स्टुडिओत उत्तर हिंदुस्थानी हवेलीच्या रूपाने आले, हे ध्यानात ठेवून पाहिले की प्रत्येक चौकटीत काहीतरी हाती लागते.

काय पाहायचे, ते सांगतो. दिवा नेमका कोठे आहे, हे प्रत्येक प्रसंगात शोधावे. पात्राच्या हातात कंदील किंवा मेणबत्ती असेल तर तिचा उजेड किती अंतरापर्यंत पोहोचतो आणि त्यापलीकडे दिग्दर्शकाने काय ठेवले आहे, हे पाहावे. दारे मोजावीत; एका दारातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे दिसते, आणि नजर आपोआप सर्वांत मागच्या काळोखावर जाऊन थांबते. लहानपणी भीती वाटली ती बहुधा तेथूनच, कारण मूल पात्राकडे पाहत नाही, ते पात्राच्या पाठीमागे पाहते. मोठी माणसे चेहऱ्यांवर लक्ष ठेवून संवाद ऐकतात आणि ही जागाच त्यांच्या नजरेतून निसटते. म्हणून शंकर बोलत असताना मुद्दाम त्याच्या खांद्यावरून मागे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. रात्रीचे दोन वाजले की शंकरची चलबिचल सुरू होते, आणि पुढे पुढे तर ठोके पडताच तो भारल्यासारखा उठून चालू लागतो. चित्रपटात भयाचे माप म्हणून हेच वापरलेले आहे: काही घडल्यामुळे नव्हे, तर घडण्याची वेळ झाली म्हणून आपण घाबरतो. किंकाळी, रक्त, विद्रूप चेहरा यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ वाट पाहायला लावून भीती उभी करणे फार अवघड आहे, आणि १९४९ साली आपल्याकडे ते इतके नेमके साधले गेले होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गाण्यासाठी वेगळा वेळ काढावा

'आएगा आनेवाला' हे गाणे सर्वांना पाठ आहे, आणि तेच त्याच्या वाटेतले मोठे विघ्न आहे. रेडिओवर, समारंभांत, संग्रहांत ते इतक्या वेळा ऐकलेले असते की चित्रपटात ते आले तरी आपण ओळखीच्या आनंदात असतो आणि त्यातले भय आपल्यापर्यंत पोहोचत नाही. त्यावर उपाय असा, की चित्रपट पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी केवळ या गाण्याचा प्रसंग दोनदा पाहावा: प्रथम डोळे मिटून, नंतर आवाज पूर्ण बंद करून.

डोळे मिटून ऐकताना सुरुवातीच्या संथ ओळींवर लक्ष ठेवावे, ठेका सुरू होण्यापूर्वीच्या. तेथे आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. लता मंगेशकर यांनी सांगितल्याप्रमाणे ध्वनिग्राहक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता, त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात एक एक पाऊल पुढे येत ध्वनिग्राहकापाशी पोहोचल्या. म्हणजे आपण जे अंतर ऐकतो ते खरोखरच चालून कापलेले अंतर आहे. हे कळल्यावर त्या ओळी पुन्हा ऐकल्या, तर जवळ येणाऱ्या आवाजात श्वास आणि सूर सांभाळत चाललेली, विशीच्या उंबरठ्यावरची मुलगी जाणवते, आणि माझ्या मते या संपूर्ण चित्रपटातला सर्वांत थरारक क्षण तोच आहे. खेमचंद प्रकाश यांनी चालीत सुरांची गर्दी केलेली नाही. नक्शब जारचवी यांच्या शब्दांतही भूत नाही, फक्त येणाऱ्याची खात्री आहे.

या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' असे, म्हणजे पात्राचे, नाव छापलेले होते. गाणे आकाशवाणीवर वाजू लागले आणि ही गायिका कोण, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली, तेव्हा लताबाईंचे नाव जाहीर झाले. पडद्यावरची कामिनी कोण हे शंकरला ठाऊक नव्हते आणि गाणारी कामिनी कोण हे श्रोत्यांना. दोन्हीकडे नावाआड एक खरी तरुण मुलगी होती. मराठी घरांत 'महल'ची आठवण इतकी आपुलकीची आहे, तिच्यामागे या गाण्याचा आणि या आवाजाचा वाटा मोठा आहे.

आता आवाज बंद करून तोच प्रसंग पाहावा. शंकर सुराच्या मागे एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जातो, झोपाळ्यावर बसलेली तरुणी त्याला दिसते, तो जवळ जातो तोवर ती निघून गेलेली असते. सुरांशिवाय पाहताना लक्षात येते की तो घाबरलेला नाही. त्याच्या चेहऱ्यावर आशा आहे. भुताच्या गोष्टीतला नायक भुतापासून पळतो, हा मात्र पहिल्या रात्रीपासून त्याच्या दिशेने चालतो आहे, आणि चित्रपटाचे पुढचे सगळे अरिष्ट या एका चालण्यातून निघालेले आहे.

दुसऱ्या खेपेला माळ्याच्या मुलीबरोबर चालावे

पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत आठवड्याभराचे अंतर ठेवावे. दुसऱ्या वेळी बसताना मनाशी एवढेच धरावे की भूत नाही. शेवटी न्यायालयात उघड होते त्याप्रमाणे, जी कामिनी म्हणून वावरते ती माळ्याची मुलगी आशा आहे. वास्तूची ती हकिगत ऐकत आणि त्या तसबिरीकडे पाहत ती वाढली, तसबिरीतल्या माणसावर तिचा जीव जडला, आणि एके रात्री तोच चेहरा घेऊन एक माणूस दारात उभा राहिला.

हे ठाऊक असताना पूर्वार्ध पाहिला की प्रत्येक प्रसंगाची बाजू बदलते. जिन्यावरून धावणारी आकृती आता भुताची राहत नाही. पकडले जाण्याच्या भीतीने पळणारी ती मुलगी आहे. दिवसा घुंगटाआड चेहरा झाकून वावरणारी माळ्याची मुलगी प्रथम पाहताना आपल्या लक्षातही येत नाही, दुसऱ्या वेळी मात्र ती चौकटीत आली की नजर तिच्यावरच राहते. मधुबालाचे वय त्या वेळी १६ वर्षांचे होते, हे या खेपेला विशेष जाणवते. जी स्थिर, गूढ नजर आपण पारलौकिक समजत होतो, तिच्यात कोवळेपणा आणि धिटाई एकत्र दिसू लागते.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तो, ज्यात कामिनी शंकरला एकत्र येण्याचा मार्ग सांगते. एक मार्ग त्याने मरण पत्करण्याचा आहे. दुसरा असा, की माळ्याच्या मुलीचा जीव घेतला तर तिच्या देहात आपल्याला प्रवेश करता येईल. लहानपणी हे ऐकून अंगावर काटा येतो, कारण भूत खून करायला सांगत असते. आता पुन्हा ऐकावे. आशा आपल्याच देहाचा उल्लेख करते आहे. माळ्याच्या मुलीकडे मालकाने एरवी ढुंकूनही पाहिले नसते, म्हणून तिला भुताच्या तोंडून आपला देह त्याच्या नजरेस आणावा लागतो आहे. जो माणूस मृत स्त्रीसाठी प्राण द्यायला तयार आहे, त्याला समोरची जिवंत मुलगी नोकराची पोर म्हणून दिसतच नाही. या प्रसंगापाशी चित्रपट थांबवून तो पुन्हा पाहायला माझी हरकत नाही. भुताटकीच्या चित्रपटात मालक आणि नोकर यांच्यातले अंतर इतक्या आतून आलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

शंकरचा वकील मित्र श्रीनाथ याचेही वागणे या खेपेला वेगळे वाटते. तो समंजस आहे, मित्राला वाचवण्यासाठी झटतो, नाचगाण्यात त्याचे मन रमवू पाहतो. त्याला भूत खोटे आहे हे पटलेले असते, तरीही ती कोण असावी याचा शोध तो माळ्याच्या घरापर्यंत नेत नाही. घुंगटामागे पाहण्याचे त्यालाही सुचत नाही.

रंजनासाठी थांबावे

उत्तरार्धात शंकरचे वडील त्याला कानपूरला परत नेतात आणि त्याचे रंजनाशी लग्न लावून देतात. ही भूमिका विजयालक्ष्मी यांनी केली आहे. कामिनीला विसरण्यासाठी शंकर पत्नीला घेऊन वस्तीपासून दूर, सापांनी आणि वटवाघळांनी भरलेल्या एका पडक्या घरात राहायला जातो, पण घड्याळ तेथेही आहे आणि दोनचे ठोके तेथेही पडतात. येथे बहुतेक प्रेक्षक कंटाळतात. झुंबरांचा वाडा गेला, मधुबाला गेली, आणि एक दुःखी बाई उरली, असे त्यांना वाटते.

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. 'महल'मधले खरे झपाटलेले घर हेच आहे. संगम भवनात शंकरला जे ऐकू येते ते त्याला हवेहवेसे वाटते. या पडक्या घरात मात्र रंजनाला एका अशा स्त्रीबरोबर संसार करावा लागतो, जिला तिने कधी पाहिलेले नाही आणि जिचे नावही तिला कोणी सांगितलेले नाही. नवरा समोर बसलेला असून घरात नाही. राजकुमारी यांच्या आवाजातले 'मैं वो दुल्हन हूँ' हे गाणे पुढे ढकलण्याची सवय असेल तर या वेळी ते पूर्ण ऐकावे. लताबाईंच्या गाण्याला मिळालेल्या कीर्तीखाली राजकुमारी यांचे या चित्रपटातले गाणे झाकले गेले, ही मला खंत वाटते. पूर्वी लिहून ठेवलेला आठवणींचा कागद येथे बाहेर काढावा. त्यावर रंजना नसेल, तर तिला आपण का विसरलो, याचा विचार करण्याची हीच जागा आहे. मुलांना संसारातले एकटेपण कळत नाही, म्हणून ते भीतीच्या यादीत जात नाही.

सत्य कळल्यावर रंजना विष घेते आणि मरण्यापूर्वी पोलिसांसमोर नवऱ्यानेच विष दिल्याचे सांगते. या प्रसंगाला नुसता सूड म्हणून मोकळे होता येत नाही. ज्याने तिचे अस्तित्व कधी मान्यच केले नाही, त्याला तिच्या मृत्यूची जबाबदारी घ्यायला ती भाग पाडते.

शेवटाशी भांडू नये

न्यायालयाचा भाग लांबला आहे, हे मान्य केले पाहिजे. संवाद भारदस्त आहेत, उर्दूचा डौल मोठा आहे, आणि सावल्यांनी सांगितलेली गोष्ट येथे शब्दांनी पुन्हा सांगितली जाते. भूत नव्हते असे कळल्यावर अनेकांना फसवणूक झाल्यासारखेही वाटते. पण चित्रपट येथे संपत नाही. शंकरला फाशीची शिक्षा होते, तो श्रीनाथला आशाशी लग्न करायला सांगतो, त्यानंतर रंजनाने लिहिलेले पत्र हाती येऊन तो निर्दोष ठरतो, आणि सुटून परत आलेला शंकर तरीही जगत नाही. खुलासा झाला, कोणीही कोणाला मारलेले नव्हते हे सिद्ध झाले, आणि माणूस मात्र गेलाच. खुलाशाने भीती विरली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अखेरचा भाग घाई न करता पाहावा.

मुलांना सोबत घेताना

आपल्या मुलांना किंवा नातवंडांना हा चित्रपट दाखवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. विषप्राशनाचा आणि आत्महत्येचा भाग असल्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना उत्तरार्ध दाखवू नये, आणि त्याहून मोठ्या मुलांशी तो पाहून झाल्यावर त्याविषयी मोकळेपणाने बोलावे. रहस्य आधी सांगू नये. "आता बघ, आता येईल" असे म्हणत त्यांना तयार करू नये. आपल्याला कोणी केले नव्हते. मुले हसली तर हसू द्यावीत, कारण संवादांची ढब त्यांना अपरिचित असते. ती गप्प होतात ती बहुधा गाण्यापाशी. भाषा अडेल तेथे एखाद्या वाक्यात अर्थ सांगावा, पण अंधाऱ्या, निःशब्द प्रसंगांत आपण बोलू नये.

यानंतर काय पाहावे

'महल'चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते. त्यांनीच पुढे १९५८ साली 'मधुमती' दिग्दर्शित केला, आणि त्यातही ओसाड हवेली, वादळी रात्र, पुनर्जन्म आणि लताबाईंचा दुरून बोलावणारा आवाज आहे. म्हणून दुसरा चित्रपट तोच घ्यावा. त्यानंतर बिरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२) आणि राज खोसला यांचा 'वो कौन थी?' (१९६४) पाहावेत. दोन्हींमध्ये रात्री गाणारी स्त्री आहे, दोन्हींमध्ये खुलासा माणसांच्या कारस्थानाकडे जातो, आणि दोन्हींमध्ये तो आवाज पुन्हा लताबाईंचाच आहे. मराठीत वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या ओळीत बसतो. तेथे भुताचा खुलासा मनाच्या जखमेकडे नेला आहे, आणि आशा काळे यांच्या भूमिकेत झपाटलेली स्त्री प्रथमच गोष्टीच्या मध्यभागी येते. रंजनाकडे लक्ष देऊन 'महल' पाहिल्यानंतर तो लावावा, म्हणजे त्याचे मोल अधिक कळते.

कमाल अमरोही आणि वीर्शिंग यांची जोडी पुढे 'पाकीज़ा'साठी पुन्हा एकत्र आली. १९६७ मध्ये वीर्शिंग यांचे निधन झाले तेव्हा तो चित्रपट पुरा झालेला नव्हता. तो १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. रंग आले तरी दिव्याचा उजेड कोठे संपवायचा याची तीच जाण त्यातही दिसते. ज्यांना याहून पुढे जायचे असेल त्यांनी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे वळावे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबरच जुनी भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केलेल्या आहेत, आणि अभ्यासासाठी ग्रंथालयही आहे. गाण्यांच्या या पुस्तिकांत कथासार छापलेले असे, पण शेवट सांगितलेला नसे. "पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा" अशा धर्तीवर ते मध्येच सोडून दिलेले असे. रहस्य ठाऊक असताना असे अर्धवट सोडलेले कथासार वाचणे, आणि त्यातले कोणते वाक्य आता आशाविषयी आहे हे ओळखणे, यात मला अजूनही रस वाटतो.